दिनकरसाठी निवडलेलं मशीन

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको चारचौघांत सांगते आणि ते खरंच आहे. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले की गल्लीला माझ्याकडूनच कळतं. मग ही एक गोष्ट सात वर्षं कशी काय आत राहिली? बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दिनकरला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू दे, वाचा.

दिनकर माझा मित्र. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो गाड्यांचं डेंटिंग करायचा आणि मागच्या गल्लीत मी फौंड्रीत ब्लास्टिंगला होतो. माझं काम सोपं. हवेच्या जोरावर नोझलमधून लोखंडी छर्रे मारायचे आणि ओतून काढलेल्या बिडाच्या मालावरची वाळू, पापुद्रा, सगळं उडवून टाकायचं. जुन्या गाडीचा गंजही तसाच उडवावा लागतो, नाहीतर नवा रंग वर्षभरात फुगतो. म्हणून आमचं ठरलं होतं — बारा वर्षं रोज चहाच्या टपरीवर ठरत होतं — की दोघांनी मिळून जुन्या गाड्या नव्या करायचं शेड टाकायचं. गंज मी काढायचा, पत्रा त्याने बसवायचा.

दिनकरचा हात काय सांगू तुम्हाला! डोळे मिटून दारावरून तळवा फिरवायचा आणि जिथे आम्हाला उघड्या डोळ्यांनी काही दिसत नव्हतं तिथे खडूने गोल करायचा. गोल केला तिथे पोचा असायचाच. गडहिंग्लजहून, कोडोलीहून लोक त्याचं नाव विचारत यायचे. मला त्याचा हेवा वाटायचा का? नाही, तेव्हा नाही. तेव्हा तो हात मला आमच्या दोघांचाच वाटायचा.

मग एके दिवशी त्याने माझ्या हातात पत्रिका दिली. कळंब्याच्या रस्त्याला शेडचं उद्घाटन. मालक म्हणून दोन नावं होती — दिनकर आणि त्याचा मेव्हणा. मेव्हण्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नव्हतं. माझं नाव? होतं की. अगदी खाली, ‘आपला मित्रपरिवार’ असं लिहून पाच नावं होती, त्यात चौथं.

“घरातनं लई आग्रह झाला रे शिवा,” तो म्हणाला आणि पेढा पुढे केला. एवढंच. बारा वर्षांवर एक वाक्य आणि एक पेढा.

मी तो खाल्ला. उद्घाटनाला गेलो, फेटा बांधून घेतला, फोटोत दात काढून हसलो. आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं. माणूस भांडला असता, तोंडावर नको म्हणाला असता, तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्याला आपण काही केलंय असं वाटतच नव्हतं! हे मला जास्त लागलं.

महिन्याभराने तोच माझ्या दारात. गंज काढायचं मशीन निवडायचं होतं. दोन मशीन नजरेत होती. एक छोटं, नवं, पुण्याच्या दुकानातलं, कमी दाबावर काचेची बारीक भुकटी मारणारं. आणि दुसरं — दुसरं आमच्या फौंड्रीतलं. कंपनी नवीन मशीन आणत होती, जुनं काढून टाकणार होती. ते मी स्वतः नऊ वर्षं चालवलं होतं.

“व्हिडिओत समदी ते बारकंच घ्या म्हणत्यात,” दिनकर म्हणाला. “पर व्हिडिओवाल्यांचं काय ऐकायचं? तू हाईस की. तू सांगशील ते घेतो.”

इथे मला थोडं थांबू द्या.

मला माहीत होतं. नुसता अंदाज नव्हता, पक्कं माहीत होतं. एकदा आमच्या सुपरवायझरने आपल्या स्कूटरचं पॅनेल गंज काढायला आणलं होतं आणि मी त्याच मशीनसमोर धरलं होतं. पाच मिनिटांत भाजलेल्या पापडासारखं वाकडं झालं. बीड जाड असतं, छर्रे सोसतं. गाडीचा पत्रा छर्‍यांनी ताणला जातो, मग त्याला लाटा येतात, आणि ताणलेला पत्रा पुन्हा जागेवर आणणं भल्याभल्यांना जमत नाही. एक वाक्य पुरे होतं — हे बिडाचं मशीन आहे, पत्र्याचं नाही.

मी म्हणालो, “आपलंच घे की. डोळं झाकून घे.”

त्याने डोळे झाकून घेतलं.

पहिली गाडी गडहिंग्लजच्या एका बाईंची आली. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, त्याची जुनी मोटार. पुन्हा चालू करून तिच्यातून गावाला जायचं होतं त्यांना. दिनकरने बॉनेट आणि चारही दारं स्वतः मारली. गंज गेला, पत्रा चांदीसारखा पांढरा झाला आणि उन्हात धरला तर सगळीकडे लाटा. बाई आल्या, बॉनेटवर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, “हे असंच असतं का हो?”  दिनकरने दुसऱ्या गाडीचं बॉनेट आणि दारं आणून बसवली शेवटी. बाईंना ती दारं परकी वाटली असणार. 

तुम्ही म्हणाल, झालं की, एवढंच सांगायचं होतं ना? रागाच्या भरात चुकीचं मशीन गळ्यात मारलं. नाही. इतकंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून टाकलं असतं. चिडलेल्या माणसाला लोक माफ करतात.

बाईंची गाडी गेल्यावर दिनकर रोज संध्याकाळी भंगारातले पत्रे आणून सराव करायला लागला. दाब कमी करून बघ, लांबून मारून बघ, तिरकं धरून बघ. आणि मला बोलवायचा. मी जायचो! फौंड्री सुटली की सरळ त्याच्या शेडवर जायचो. खुर्ची टाकून बसायचो आणि तो एकेक पत्रा माझ्यापुढे धरायचा.

“बघ की शिवा, माझा हात कुठं चुकतोय?”

आणि मी सांगायचो. मनगट सैल सोड. एका जागी थांबतोयस तू. पाय जरा फाकव. एकदा तर उठून त्याच्या मागे उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरून नोझल कसं फिरवायचं ते दाखवलं. पत्रा वाकडाच झाला. मी म्हणालो, हळूहळू येईल. एकदा त्यानेच विचारलं, छर्‍यांऐवजी ती काचेची भुकटी भरून बघायची का? मी हसलो. “पावडर लावाय ती काय नवरी हाय व्हय?” तोही हसला आणि पुन्हा छर्रे भरले.

असं किती दिवस? पावसाळा सुरू होऊन संपला, तेवढे दिवस. माझा राग तर पहिल्या पंधरवड्यातच निवला होता. मग मी का जात होतो? मला ते आवडत होतं. ज्या हाताचं सगळं कोल्हापूर नाव घ्यायचं तो हात माझ्यासमोर चाचपडायला लागला होता आणि मला बघत बसावंसं वाटायचं. हेच ते. दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर त्याने शेड बंद केलं. मेव्हणा आपल्या वाटेने गेला. दिनकर आता सीट कव्हरच्या दुकानात आहे. जुनी माणसं अजून गाडी घेऊन त्याला शोधत येतात, एवढा एक पोचा काढून दे म्हणतात. तो हात जोडतो. आता जमत नाही, म्हणतो. हातोडीसुद्धा घरात ठेवलेली नाही. आणि त्याने मला फसवलं हे आजही तितकंच खरं आहे. पण त्याने केलं ते उघड, पत्रिका हातात देऊन केलं.

मशीन विकलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. शिरोलीकडचा एक फौंड्रीवाला बघायला आला होता. सोबत बिडाचा एक तुकडा घेऊन आलेला. दोन मिनिटं मारला, तुकडा लख्ख. माणूस खूश.

“एक नंबर हाय की ओ पावणं. मग इकताय कशापायी?”

दिनकरने माझ्या खांद्यावर हात टाकला.

“मशीनला नाव ठेवाय जागा न्हाय,” तो म्हणाला. “ह्यानं निवडल्यालं हाय, ह्यो नऊ वर्सं चालवत हुता. माझाच हात न्हाय बसला त्येच्यावर. इचारा की ह्याला.”

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं.

मी व्हय म्हणालो.