झाकणाखालची पिवळी अक्षरं

दिनांक २ ऑगस्ट १९८६. मजुरी ठरली अकराशे पंचाहत्तर रुपये. गाडी सुरू झाल्यावर, एकरकमी. परभणीच्या जिंतूर रस्त्यावर बाभळीखाली इंजिनं खोलणाऱ्या चंद्रभान मिस्त्रीला तेवढ्यात डोक्यावर पत्रे टाकता येणार होते.

गाडी पेडगावच्या भगवानरावांची. चुलत्यांनी हैदराबादच्या लिलावात घेतलेली, जेमतेम कंबरेइतकी उंच, इंजिन पाठीमागं. इटलीच्या कारखान्यानं विक्रीच्या गाड्या काढण्याआधी हातानं घडवलेला हा पहिला नमुना. मुंबईचा एक शौकीन दसरा झाल्यावर ती विकत घेण्यासाठी बघायला येणार होता.

भगवानरावांनी मुंबईहून मागवलेला एकही सुटा भाग बसेना. विक्रीच्या गाड्यांच्या पुस्तकात चार बोल्ट, या गाडीत पाच; तेही वेगवेगळ्या मापांचे.

"मालक, हिला बाजारातलं काहीच लागंना."

"कसं लागंल? जगात अशी एकच हाय."

"मंग स्पेअर काय जगाच्या भाईर भेटतेत?"

"तू मिस्त्री हायस का वकील?"

दर आठवड्याला हेच. शेवटी चंद्रभाननं वैतागून पाचही बोल्ट सूर्यभानच्या लेथवर उधारीवर करून घेतले, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी इंजिन गुरगुरलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची नि वाहनांची पूजा. मळक्या गाडीला हळदकुंकू लावायचं कसं? बायको सरजाबाईनं रॉकेलचा डबा पुढं केला. चंद्रभाननं पान्ह्यांपासून गाडीच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत सगळं लख्ख केलं. झाकणाखाली कुणीतरी पिवळ्या खडूनं काहीबाही खरडलं होतं. तेही घासून काढलं, त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक रेखलं.

मुंबईकर आला तो थेट झाकण उघडून वाकला.

"भगवानराव, तुम्ही पत्रात लिहिलेले कारागिरांचे आकडे, सह्या कुठं आहेत? कागद तर तुमच्याकडे नाहीतच. मग हा नमुना कशावरून?"

भगवानराव चंद्रभानकडे बघायला लागले.

"म्याच पुसलं," चंद्रभान म्हणाला. "पूजेसाठी."

"आरं, कुणी सांगितलं तुला?"

"पुसू नको म्हणून तरी कुणी सांगितलं, मालक? अडीच महिने नुसतं एकच हाय, एकच हाय करायलाव!"

मुंबईकर आल्या पावली परतला. नुकसान मजुरीपेक्षा मोठं आहे, असं म्हणून भगवानरावांनी एक पैसाही दिला नाही. गाडी मात्र एका दमात सुरू झाली आणि ते ती स्वतः चालवत पेडगावला घेऊन गेले. चंद्रभान बाभळीखालीच राहिला.

सूर्यभान लेथवाल्याचे पाच बोल्टांचे पस्तीस रुपये त्याच्याकडे अजून बाकी आहेत.