सुमतीबाईंचं आंबट

कोराडीच्या वीजकेंद्रात रुपरावांनी सारी उमर पाणी तपासण्यात घालवली. लोकांना तिथली धुराडी दिसतात, कोळशाचे ट्रक दिसतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरलेली राख दिसते. पाणी कोणाला दिसत नाही. पण त्या अजस्र बॉयलरच्या पोटात पाणीच असतं, आणि ते जरा जरी आंबट झालं तर पोलादाच्या नळ्या आतून खात सुटतं. बाहेरून काही कळत नाही. एके दिवशी नळी फुटते. म्हणून त्या पाण्याचा पीएच राखावा लागतो, त्यात पुरेशी अल्कली ठेवावी लागते. प्रयोगशाळेत हे काम रुपरावांचं. साहेब आले नि बदलून गेले. रुपराव काचेच्या नळीतलं पाणी उजेडाकडे धरून उभेच.

घरी सुमतीबाई. उमरेडच्या कोष्ट्यांची लेक. हातमागाच्या खटखटीत वाढलेली, पोरवयात बापाला कांड्या भरून देणारी. तिच्या बोटांना सूत कळायचं आणि जिभेला आंबट. अंबाडीची भाजी अख्ख्या कॉलनीत तिच्यासारखी कोणी करत नसे. ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवलेली, वरून लसणाची फोडणी, कडेला भिवापुरी मिरचीचा ठेचा. गोळाभाताच्या दिवशी चिंचेचं सार ती वाटीवाटीनं प्यायची. रुपराव चिडवायचे, "एवढं आंबट बॉयलरनं पेलं असतं तर कधीचाच बसला असता."

"बॉयलरले जीभ नसते," सुमतीबाई म्हणायच्या, "म्हणूनच तुमचं त्याच्याशी जमते."

रुपराव निवृत्त झाले, मानकापूरला दोन खोल्यांचं घर बांधलं, दारात कढीपत्ता लावला. आणि एका होळीनंतर सुमतीबाईंचे डोळे पिवळे पडले. कावीळ म्हणून आधी झाडपाला झाला. मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि पित्ताशयाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. आजाराचं नाव सुमतीबाईंना सांगितलं. तो किती पसरलाय, हे रुपराव आणि मुलगी धनश्री यांनी आपल्यातच ठेवलं.

औषधं सुरू झाली. त्याच सुमारास मोबाइलवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यातला माणूस सांगत होता, शरीरात आम्ल वाढलं की कॅन्सर फोफावतो; शरीर अल्कली करा, तो आपोआप मरेल. दुसऱ्या कोणी ते ऐकून सोडून दिलं असतं. रुपराव खुर्चीत ताठ बसले. दवाखान्यातलं काही त्यांना कळत नव्हतं, नावं कळत नव्हती, यंत्रं कळत नव्हती. हे मात्र त्यांचंच होतं. इतकी वर्षं पोलाद वाचवलं, आता बायको वाचवायची होती.

सीताबर्डीला जाऊन त्यांनी पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या. सकाळी सुमतीबाईंची लघवी तपासायची. पट्टी पिवळी यायची, म्हणजे आम्ल. ती हिरवी करायची. मग दुधीचा रस, काकडी, पालक, नारळपाणी. एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण रुपराव पट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. चिंचेच्या सारात बुडवली, लाल. ताकात बुडवली, केशरी. अंबाडीच्या भाजीत बुडवली, लालच. ज्यानं ज्यानं पट्टी लाल केली ते ते घरातून बाद झालं.

धनश्री चंद्रपूरला शाळेत शिकवते. ती सुट्टीत आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, त्या व्हिडिओत तर लिंबू चालते म्हणतात. पोटात गेल्यावर त्याची अल्कली होते म्हणे."

"मी बुडवून पाहिली ना पट्टी. लालभडक! तो व्हिडिओवाला पट्टीपेक्षा शहाणा हाये काय?"

पलंगावरून सुमतीबाई म्हणाल्या, "राहू दे वं पोरी. तुह्या बापाले मलेच बाटलीत भरून उजेडात धराचं हाये."

तिघंही हसले. त्या घरात हसणं अजून शिल्लक होतं.

पावसाळ्यात कोवळी अंबाडी बाजारात आली. भाजीवालीची हाक गल्लीत शिरली तशा सुमतीबाई उठून बसल्या.

"एक जुडी घ्या हो. खात नाही मी, जिभेले लावतो फक्त."

"नाही."

"दुधी पिऊन पिऊन तोंड फडक्यासारखं झालं माह्यं. काहून असे दुष्मनासारखे करून राहिले?"

"तुले वाचवून राहिलो मी, सुमती!"

रुपराव असे कधी ओरडत नसत. सुमतीबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. भाजीवाली दोन घरं पुढे गेली.

आणि एका सकाळी पट्टी हिरवी आली. रुपराव ती दोन बोटांत धरून लहान मुलासारखे धावत आले. "पाह्य, पाह्य! जमलं आपलं!"

सुमतीबाईंनी पट्टी हातात घेतली, खिडकीकडे धरली. कितीतरी वेळ पाहिली. त्या दिवसापासून त्यांचं आंबट मागणं थांबलं. दुधीचा पेला तोंड न वाकडं करता रिकामा होऊ लागला. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "हिरवी हाये ना?" हाडं वर येत होती, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होते, पण पट्टी हिरवी होती. त्या येत्या उन्हाळ्यातल्या कुरड्यांचं बोलायच्या.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी औषध बंद करायचं ठरवलं. डॉक्टर म्हणजे धनश्रीच्या वयाची मुलगी. रुपरावांनी तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या पिशवीतून हिरव्या पट्ट्या काढून मांडल्या. "मॅडम, पीएच तर बरोबर आणला मी. मंग औषध काहून बंद करता?"

ती हसली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "काका, रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि किडन्या मिळून सांभाळतात. खाण्यानं तो हलत नाही. खाण्यातलं जे जास्तीचं असतं ते किडनी लघवीतून बाहेर टाकते, म्हणून पट्टीचा रंग बदलला. काकूंच्या रक्ताचा पीएच पट्टी पिवळी होती तेव्हाही ठीक होता, आजही तेवढाच आहे. गाठीला त्यानं काहीच झालं नाही."

रुपरावांनी पट्ट्या परत पिशवीत भरल्या. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बॉयलरमधून बाहेर सोडलेलं पाणी ते तपासत बसले होते आणि समजत होते, आतलं पाणी आपण बदललं.

"आता त्यांना जे आवडतं ते द्या," डॉक्टर म्हणाली. "जाईल तेवढं."

येताना रुपरावांनी अंबाडी घेतली. मोसम सरत आला होता, पानं जून झाली होती. त्यांनी ती एकेक निवडली, शिजवली, घोटली, कण्या घातल्या. फोडणीत लसूण करपला. चुलीपुढे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ काढला होता. ताट घेऊन ते पलंगापाशी आले तेव्हा वासानं सुमतीबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. गळा हललेला रुपरावांनी पाहिला.

मग सुमतीबाईंनी ताट हातानं मागे सारलं.

"नको. सकाळची पट्टी हिरवीगार होती. आता कुठं जमत आलं, अन् तुमीच बिघडवून राहिले?"

"खाय वं. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरले काय समजते पाण्यातलं?" सुमतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्या हातात नुसती हाडं होती. "मले जगाचं हाये हो."

रुपराव ताट धरून उभे राहिले. खरं सांगितलं तर ती खाईल, पण मग उद्या सकाळी डोळे उघडून काय विचारेल? नाही सांगितलं तर ही भाजी अशीच निवेल. खरं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सुमती, पट्टी हिरवीच्या पुढं गेली," ते म्हणाले. "निळी पडून राहिली. अल्कली जास्त झाली तरी वाईटच, नळ्यांवर थर बसते. आता आंबट द्यावंच लागते."

"खरं?"

"पाण्याबद्दल मी कधी खोटं बोललो काय?"

सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

पहिला घास गेला. रुपराव वाट पाहत होते. कोणाच्याही हातची भाजी असो, सुमतीबाई त्यात खोट काढल्याशिवाय राहत नसत. पण त्यांनी दुधीचा रस गिळावा तसा तो घास घाईघाईनं गिळला, जिभेवर ठरू दिला नाही, आणि विचारलं, "किती घ्याचे?"

"तुले आवडतील तेवढे."

"आवडीचं कोणं विचारलं? पट्टीले किती लागतात ते सांगा ना."

रुपरावांनी तोंडाला आला तो आकडा सांगितला. सुमतीबाईंनी तेवढेच घास खाल्ले, एकही जास्त नाही, आणि पदरानं तोंड पुसलं.

मार्गशीर्षात त्या गेल्या. तोवर, घास उतरत होता तेवढे दिवस, त्या घरात अंबाडी शिजत राहिली. कधी रुपराव मीठ जास्त टाकत, कधी मुद्दाम टाकतच नसत. वाटायचं, ती एकदा तरी रागावून ताट सरकवेल, म्हणेल, हे काय करून ठेवलं. ती घास मोजत राहिली.