अर्धी किल्ली

सावनीची आई, शरयू, नेपरव्हिल गावातल्या मराठी मंडळींत सांगायची, "आमची रॉकेटमध्ये आहे." अगदीच खोटं नव्हतं ते. निवृत्त क्षेपणास्त्रांची जुनी इंजिनं आता उपग्रह वर नेतात. पण सावनीचं अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र निवृत्त झालेलं नव्हतं. मोंटानातल्या गव्हाच्या रानात, जाळीच्या कुंपणाआड एक काँक्रीटची विहीर होती, सावनीचे बाबा रांगत होते तेव्हाची. तिच्यात ते उभं होतं. त्याच्या आधीच्या पिढीला उडण्यापूर्वी इंधन पाजावं लागे. ती बाद झाली, तिच्या विहिरी बुजवल्या, काही विकल्या. हे मात्र कायम भरलेलं, कायम जागं.

तिथून काही मैलांवर, जमिनीखालच्या खोलीत, सावनी टायलर नावाच्या सोबत्याबरोबर पाळी करायची. दोन खुर्च्या, क्षेपणास्त्र सोडायच्या दोन किल्ल्या, आणि मध्ये इतकं अंतर, की एकाच माणसाचे हात दोन्हीकडे पोचू नयेत. हुकूम आला तर दोघांनी एकाच क्षणी फिरवायच्या.

नोकरी लागली तेव्हा शरयूनं एवढंच विचारलं होतं, "फिरवशील?"

"नाही गं आई. आय वोन्ट."

सावनीला ते मनापासून वाटत होतं. नकार देणारं कुणीतरी तिथं बसलेलं असावं, म्हणून तर ती गेली होती. शरयूही त्या एका शब्दावर निर्धास्त राहिली.

मागच्या वसंतात चाचणी झाली. एक क्षेपणास्त्र विहिरीतून काढलं, टोकावरचं खरं अण्वस्त्र उतरवून खोटं बसवलं आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नेलं. उडवायला सावनी आणि टायलर. ही चाचणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सावनीला खात्री होती की हात क्षणभर अडेल.

तीन, दोन, एक. हात फिरला. घराला कुलूप लावावं, तितका सहज. जमीन थरथरली.

बाहेर आल्यावर आकाशात पांढरी रेघ वाऱ्यानं वाकडी होत होती. टायलर हळूच म्हणाला, "मी तुझ्या हाताकडे बघत होतो. तू थांबतेस का म्हणून."

सावनी त्याच्या हाताकडे बघत होती.

तेव्हापासून गॅसचं बटण फिरवतानाही मागं कुणीतरी आकडे मोजतंय असं तिला वाटे.

सुट्टीत ती घरी आली, तेव्हा सत्यनारायण होता. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहिणारे गुरुजी म्हणाले, "सगळ्यांनी यजमानांच्या हाताला हात लावा."

"ये की गं सावनी," प्रीतामावशी ओरडली. "आर्मीवाल्यांना वेगळं आमंत्रण लागतं का?"

"एअर फोर्स, मावशी."

"तेच ते! लाव हात. म्हणजे केलेलं सगळ्यांचं होतं."

सगळे हसले. सावनीचा हात उठला नाही. आरती व्हायच्या आतच ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आरतीनंतर शरयू तिथं आली. "सगळ्यांदेखत हे काय गं?"

"आई, मी फिरवीन."

"काय फिरवशील?"

"किल्ली. खरा हुकूम आला तरी. आय नो नाऊ."

शरयूनं प्रसादाच्या शिऱ्यातला डाव तसाच सोडला. "तू नाही म्हणाली होतीस."

"खोटं नव्हते बोलले. मला माहीत नव्हतं."

"मग तो दुसरा? तो तरी थांबेल ना?"

"तो माझ्या थांबण्याची वाट बघेल."

बाहेरून कुणीतरी प्रसादासाठी हाक मारली. शरयूनं दार लोटून घेतलं. "नको जाऊस परत," ती म्हणाली. "सोड ती नोकरी. तू जिथं नसशील तिथं काय व्हायचं ते होऊ दे."

"मग माझ्या खुर्चीत दुसरी कुणीतरी बसेल, आई. तिला अजून वाटत असेल की ती थांबेल."

शरयूनं डाव पुन्हा उचलला. मग ती शिऱ्याच्या वाट्या भरू लागली. घरातल्या माणसांपेक्षा वाट्या जास्त झाल्या, तरी भरतच राहिली.