रिकाम्या हाताचा सराव

सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या नाथाजींचे गुडघे आता जिना बघूनच कुरकुरतात. तरी कराडजवळच्या मलकापुरात आमच्या शाळेच्या मुलींना बेसबॉल शिकवायला कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी दरवर्षी नाथाजीच असतात. यंदा सोडणार, असं ते दर उन्हाळ्यात म्हणतात. आम्ही मास्तर मंडळी गंभीरपणे माना डोलावतो आणि जूनमध्ये त्यांनाच मैदानावर उभं करतो.

या खेळात धावणारी मुलगी सगळ्यांचा डोळा चुकवून पुढच्या बेसकडे, म्हणजे पुढच्या थांब्याकडे, सटकते, त्याला बेस चोरणं म्हणतात. ती पोचायच्या आत फलंदाजामागं बसलेल्या कॅचरनं तिकडे चेंडू फेकायचा आणि तिथल्या मुलीनं तो झेलून, चेंडू असलेल्या हातानंच तिला शिवायचं. नाथाजींनी हे फौजेच्या रीतीनं शिकवलं, आधी गोळीविना कवायत, म्हणजे चेंडूशिवाय नुसत्या हातानं शिवायचं. पण ही कवायत महिनोन्‌महिने चालली. चेंडू काढला की तो मैदानाशेजारच्या उसात जायचा आणि शोधायला नाथाजींना वाकावं लागायचं. त्यांना खरंच थकवा आला होता.

दुसऱ्या बेसवर स्वप्नाली असायची, मुळात खो-खोची पोरगी. संघ राज्य स्पर्धेला गेला तरच पुढं खेळायचं, असं तिच्या वडिलांनी, तानाजींनी, तिला बजावलं होतं.

सांगलीत विभागाच्या अंतिम सामन्यात, जिंकलो तर राज्य स्पर्धा, शेवटच्या डावात बरोबरी होती. समोरची मुलगी दुसऱ्या बेसकडे सुटली. कॅचरचा चेंडू स्वप्नालीच्या डाव्या हातातल्या ग्लव्हमध्ये अलगद बसला, आणि स्वप्नालीनं उजव्या, रिकाम्या हातानं त्या मुलीला शिवलं. पंचांनी आऊट दिलं नाही. पुढच्याच फटक्यावर त्या मुलीनं धाव पूर्ण केली आणि आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत सगळ्यांनी खो-खोच्या सवयीला नावं ठेवली. स्वप्नाली खिडकीला डोकं टेकून रडत होती.

कराडच्या स्टँडवर तानाजी आले होते. उद्यापासून मैदान बंद, एवढंच त्यांनी लेकीला सांगितलं. तेव्हा नाथाजी पुढं झाले.

"तिची चूक न्हाई. रिकाम्या हातानं शिवायला मीच शिकवलं. चेंडू काढायचा कंटाळा केला मी."

तानाजींनी लेकीची पिशवी खांद्यावर घेतली.

"आवं सर, मग शिकवायचं तुमीच थांबा की. ती खेळंल."

स्वप्नालीनं डोळे पुसले आणि ती वडिलांमागून निघाली. नाथाजी बाकावर बसले. थांबायचंच तर होतं त्यांना, इतकी वर्षं. तरी आमच्यातलं कुणीतरी थांबू नका म्हणेल, याची वाट बघत ते बसून राहिले, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही.