बसऱ्याहून हवालदारांना कुणी आणलं?

आमच्या तांबट आळीत दिवसभर पत्रा कापला जातो आणि कारागिराच्या पायाशी तांब्याच्या कातरणांचा ढीग साठत जातो. तो कुणी मुद्दाम साठवत नाही, आणि फेकवतही नाही कुणाच्यानं. दौलतराव हवालदारांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार ढकलाढकली करत पुढं येतात!

हवालदार मूळचे दिंडोरीकडचे. पलटणीबरोबर चौदा सालच्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याकडे गेले आणि गुडघ्यात गोळी घेऊन परत आले. काही वर्षं गावी शेती केली, भावकीशी पटेना, म्हणून तीस सालाच्या सुमारास नाशकात आमच्या आळीत भाड्यानं राहायला आले. एक पाय वाकत नसे, पण मिशी आणि आवाज दोन्ही शाबूत!

संध्याकाळी माझ्या दुकानाच्या ओट्यावर आमची बैठक भरायची. हवालदार, शाळेतले मास्तर, टांगेवाले रहीमभाई आणि हातोडा बाजूला ठेवून मी. रहीमभाईही त्याच लढाईतले, खेचरं हाकणाऱ्या तुकडीतले. दोघांची दोस्ती तिकडची, आणि भांडणही तिकडचंच. त्या भांडणाकडे येतोच, पण आधी बाकीचं.

०

हवालदार राहायला आले तेव्हा आम्हाला एकच काळजी. लढाईत तोफा ऐकलेला माणूस, त्याला आमच्या ठोकाठोकीचा त्रास झाला तर? पण कसचं काय! दुपारी सगळी आळी हंडे ठोकत असायची आणि वरच्या खोलीत हवालदार खुशाल घोरत असायचे.

मग अमावास्या आली. त्या दिवशी आमचे हातोडे बंद. भर दुपारी हवालदार उघड्या अंगानं, काठी परजत रस्त्यावर! "आवाज का थांबला? सगळं ठीक हाय ना?"

रहीमभाईंनी त्यांना धरून ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. मग हळूच मला म्हणाले, "तिकडं तोफा थांबल्या की समजायचं, आता समोरचे येणार. म्हणून आवाज थांबला की त्याची झोप मोडते."

मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर अमावास्येला दुपारी मी एक फुटका हंडा उगाच ठोकत बसायचो. आळीतले लोक हसायचे. एकदा हात जरा मंदावला, तर वरच्या खिडकीतून हवालदारांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओरडल्या, "भावजी, जरा जोरात! आजून डोळा लागला नाय त्यांचा!"

०

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. मांडवाची सगळी व्यवस्था हवालदारांनी अंगावर घेतली. पाणी कुठं, पत्रावळी कुठं, चपला कुठं, सगळ्याला ऑर्डर! वाढपी तर पाऊल जुळवून चालत होते.

वऱ्हाडाची पंगत बसली. वरण-भात कालवून झाला, लोकांनी पहिला घास उचलला, आणि नेमके तेव्हाच मुलाचे आजोबा मांडवात शिरले. वडीलधारा माणूस दिसताच हवालदारांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अटेन्शन!"

आता मुलाकडची निम्मी मंडळी पोलिसात. ती खाडकन उभी राहिली! ती उठली म्हणून शेजारचे उठले. आणि आमच्यात एकदा पानावरून उठलेला माणूस त्या पानावर परत बसत नाही. सगळी पानं काढून पुन्हा मांडावी लागली. आतमध्ये आचारी कपाळाला हात लावून बसला. माझ्या वडिलांचा चेहरा तर बघवत नव्हता.

मी हवालदारांना कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "अहो, हे काय करून बसलात?"

हवालदार अजिबात शरमले नाहीत. "पोलीस हायेत, म्हणून अर्धवट उठले. आमची पलटण असती तर घास गिळून उठली असती!"

०

नाशकातल्या रंगपंचमीची मजा रहाडीत. पेशव्यांच्या काळचे हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली बुजलेले असतात. पंचमीला उघडायचे, फुलं उकळून केलेला रंग आत सोडायचा, आणि काठावरून एकेकानं आत उडी टाकायची, म्हणजे धप्पा मारायचा. एकेकानं म्हणजे नुसतं म्हणायला! एकाच्या डोक्यावर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा.

हवालदारांनी ठरवलं, यंदा शिस्त लावायची. खाकी कोट घातला, छातीवर पदकं लावली, तोंडात शिट्टी धरली आणि काठावर उभे राहिले. "लाईन से! धक्काबुक्की चालणार नाय!"

लाईन खरंच लागली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. रहीमभाई लाईनीत शांतपणे उभे होते. नंबर आल्यावर त्यांनी अदबीनं सलाम ठोकला, हवालदारांना मिठी मारली आणि मिठीसकट रहाडीत!

पदकं निघाली स्वच्छ, पण कोट झाला केशरी. वहिनींनी किती धुतला, तरी रंग हटेना. पुढं देवळालीला एका गोऱ्या साहेबानं पेन्शनर शिपायांना परेडला बोलावलं, तेव्हा दुसरा कोट कुठून आणणार? हवालदार तोच घालून गेले. साहेब येता येता त्यांच्यासमोर थांबला, वरून खाली बघितलं आणि विचारलं, "ये कौन सी पलटन है?"

हवालदार छाती काढून म्हणाले, "नाशिक, साब!"

०

आता ते भांडण.

बसऱ्याजवळच्या दलदलीत गोळीबार चालू असताना या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला पाठीवर घालून डॉक्टरच्या तंबूपर्यंत आणलं, एवढं नक्की. कुणी कुणाला आणलं, यावर मात्र वाद. इतर ठिकाणी असल्या वादात प्रत्येक जण म्हणतो, मीच वाचवलं. आमच्या ओट्यावर उलटं! हवालदार म्हणायचे, "रहीमनं मला आणलं." रहीमभाई म्हणायचे, "झूट! यानंच मला आणलं."

मास्तरांनी एकदा तर्क लढवला. "रहीमभाई, गोळी हवालदारांच्या गुडघ्यात. फुटक्या गुडघ्याचा माणूस तुम्हाला कसा उचलेल?"

"गोळी मागाहून लागली," रहीमभाई शांतपणे विडी पेटवत म्हणाले. "मला उतरवून हा पाणी आणायला गेला, तेव्हा."

हवालदारांचा चेहरा लाल! "एकदा, फक्त एकदा या ओट्यावर चार माणसांत 'हो' म्हण! मग मी मरायला मोकळा!"

"मग तर मुळीच नाय म्हणणार," रहीमभाई म्हणाले.

आम्ही हसलो. हवालदार हसले नाहीत. त्यांना ते फार लागायचं. ज्याच्यामुळं आपण जिवंत आहोत त्याचं नाव लोकांना कळू नये, हे त्यांना सहनच होत नसे.

०

वहिनींनाही ते लागायचं. नवरा परत यावा म्हणून त्यांनी वणीच्या देवीला नवस केला होता. देवीचा नवस फेडला, पण ज्यानं पाठीवर आणला त्याचं काय? एका भाऊबीजेला त्यांनी ताट केलं, नवा रुमाल ठेवला आणि रहीमभाईंना पाटावर बसवलं.

"भाऊ, तुमी माझं कुंकू राखलं. आज ओवाळते."

रहीमभाई पाटावरून उठायलाच लागले. "बहीण म्हणून ओवाळ, दर साली येईन. उपकार म्हणून ओवाळत असशील, तर ताट परत ने."

वहिनींनी डोळे पुसले आणि बहीण म्हणून ओवाळलं. दारात उभे हवालदार पुटपुटले, "खेचरं हाकून हाकून खेचरासारखाच झालाय!"

०

शेवटी हवालदारांनी साक्षीदार गाठला. त्यांच्याच पलटणीतला एक जण कळवणला शेती करत होता. त्या वेळी तो तंबूपाशीच होता. त्याला बोलावणं गेलं, तो यायला कबूल झाला, आणि हवालदारांनी मिशीला पीळ दिला. "आता बघतो!"

चूक एकच झाली. मोटारीच्या थांब्यावर त्याला आणायला टांगा पाठवला, तो रहीमभाईंचा!

दोघं ओट्यावर पोचायला संध्याकाळ झाली. साक्षीदाराच्या मिशीला रस्सा लागलेला. हवालदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सांग, त्या दिवशी कोण कोणाला घेऊन आलं?"

साक्षीदारानं रहीमभाईंकडे बघितलं, एक ढेकर दिली आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "माले काही याद नही भो! पण मटन भारी व्हतं!"

हवालदार आठवडाभर ओट्यावर आले नाहीत. रहीमभाई रोज टांगा त्यांच्या खिडकीखाली उभा करून घंटा वाजवत राहिले. शेवटी खिडकीतून शिव्या आल्या, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

०

त्या वर्षी थंडीत हवालदारांच्या छातीत कफ धरला तो सुटला नाही. रहीमभाईंनी टांगा सोडून दिला आणि उशाशी बसून राहिले. हवालदारांना धाप लागायची, तरी एकच धोशा. "रहीम, आता तरी म्हण."

"उठून ओट्यावर ये, मग म्हणतो."

हवालदार उठले नाहीत. त्या दिवशी आळीतला एकही हातोडा वाजला नाही. मला आतून फार पोरकं वाटलं, वडील गेले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

तिरडी उचलायची वेळ आली. रहीमभाई पुढच्या खांद्याला उभे राहिले. गावाहून आलेला भावकीतला एक म्हातारा कुरकुरला, तशा वहिनी दारातून रडतच कडाडल्या, "माझा भाऊ हाय तो! त्याला कोणी हटवायचं नाय!" कुणी हटवलं नाही.

गोदावरीच्या वाटेवर विसाव्याला तिरडी टेकवली. तिथं खांदेकरी बदलायची रीत. रहीमभाई घामाघूम झाले होते. मी म्हणालो, "रहीमभाई, आता मला द्या."

त्यांनी मान हलवली. रुमालानं तोंड पुसलं, सगळ्या आळीसमोर तिरडीवर वाकले आणि ओरडले, "काय रे हवालदार! बसऱ्याला पाठीवर घेतला, तेव्हा एवढा जड नव्हतास!"