वशाच्या कुंडीवरची पाटी

माझा चाळीतला जुना दोस्त वशा गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो, सुटलो! लाज वाटते, पण आला खरा. आणि लगेच दुसरा विचार आला. त्याचं झाड मी मारलं होतं, हे आता कबूल करायचं तरी कुणापाशी?

भोईवाड्याच्या चाळीत वशाच्या दाराशी स्नेक प्लांट होतं. तलवारीसारखी उभी पानं. उंची माझ्या हिशेबाने दुसऱ्या मजल्यापर्यंत, वहिनींच्या हिशेबाने गुडघ्यापर्यंत. सगळ्यांत बुटक्या पानाचं टोक दिवाळीच्या रॉकेटने जळालेलं. मी शिवडीला राहायला गेल्यापासून माझं तिकडे जाणं सणासुदीपुरतंच उरलं होतं. तरी दोन वर्षांपूर्वी बायपासला जाताना वशाने झाड माझ्याच हवाली केलं. "पाणी महिन्यातून एकदा. विसरलास तर उत्तम. तुझ्यासारख्या आळशाला जमेल असं जगात एवढंच काम आहे."

मी इमानदारीत विसरलो. मजला विसरला नाही! वशा हॉस्पिटलात, म्हणून बारा खोल्यांची माया त्या कुंडीवर लोटली. "माका दया इली रे, घातलंय तांब्याभर," शेजारची काकी म्हणाली. तशी दया रोज बाराजणांना येत होती... मुळं कुजली, पानं आडवी झाली. मी दादरहून तसंच झाड आणलं, त्याच कुंडीत लावलं, आणि उदबत्तीने एक टोकही जाळलं. काय ती कलाकारी!

वशा घरी आला, झाडाकडे बघत म्हणाला, "तब्येत सुधारली रे याची..." आणि कुंडीला पुठ्ठ्याची पाटी अडकवली : 'कृपया माया करू नये'. मी खो खो हसलो. पण तेव्हापासून पकडला जायच्या धास्तीने दर रविवारी झाड तपासायला जाऊ लागलो. तपासणी दोन मिनिटं, चहा आणि थापा दोन तास.

तेराव्याला न राहवून वहिनींना सगळं सांगितलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या चक्क हसल्या. "भावोजी, जळकं पान बुटकं होतं. तुम्ही उंच जाळलंत. यांना आल्याआल्या कळलं."

"मग गाढव बोलला का नाही?"

"म्हणाले, बोललो तर त्याची भीती जाईल. मग रविवारचा येईल कशाला?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग पोटभर रडलो.

कुंडी तिथेच आहे, पाटीही. भीती मात्र गेली. तरी रविवारी जातो. मातीत बोट खुपसतो, कोरडी लागते. पाणी घालत नाही. आत वहिनी चहा टाकतात.