नाकाचा साचा

आमच्या ह्यांच्या नाकाच्या कडेला फोड आला, तेव्हा तो चष्मा घासून आलाय असं त्यांनीच ठरवून टाकलं. निवृत्त मास्तर, त्यामुळे ठरवलं की ठरवलं. चष्मा बदलला, हळद लावली, वाडीत उन्हातान्हात हिंडणं मात्र चालूच. फोडाची खपली पडायची आणि पुन्हा रक्त यायचं. शेवटी मीच दवाखान्यात नेलं. तुकडा तपासला, तर त्वचेचा कॅन्सर.

मांडव्याहून लाँचने मुंबईला जाताना हे एक शब्दही बोलले नाहीत. लग्नानंतर एवढी शांतता मला पहिल्यांदाच मिळत होती, पण ती नकोशी झाली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन उपाय सांगितले. ऑपरेशन केलं तर नाकाची कड काढून तिथे कपाळाची कातडी लावावी लागेल. नाहीतर नाकावर बेतून मेणाचा साचा करायचा. त्यात बारीक नळ्या असतात. यंत्र त्या नळ्यांतून किरण सोडणारा एक छोटा कण दुखऱ्या जागेपर्यंत आणतं, थोडा वेळ ठेवतं आणि परत घेतं.

"साचाच करा," हे लगेच म्हणाले. "कपाळ जागेवर राहू दे."

साच्यासाठी आधी प्लास्टरमध्ये नाकाचा ठसा घ्यायचा होता. तो घेणारी मुलगी म्हणाली, "काका, आता तोंडाने श्वास घ्या. बोलायचं नाही, हसायचं नाही."

"बाळ, ह्यांना गप्प बसवायला जमलं तर मलाही शिकव हो," मी म्हटलं.

ह्यांना हसू फुटलं आणि ओलं प्लास्टर गालावर ओघळलं. तिने सगळं पुसून पुन्हा केलं, पण मला बाहेर बसवून.

ठशावरून केलेलं पांढरं नाक टेबलावर आलं, तेव्हा हे म्हणाले, "एवढं मोठं? दुसऱ्या कुणाचं असेल."

"तुमचंच आहे. मला बघायला आलात तेव्हा दारातून आधी तेच आत आलं होतं."

उपचाराच्या वेळी खोलीत ते एकटेच. बाहेर पडद्यावर मला दिसत होते: चेहऱ्यावर मेण, त्यातून निघालेल्या नळ्या, हात पोटावर. हलायचं नव्हतं. तरी पायाचा अंगठा हळूच वरखाली झाला. मी बघतेय हे त्यांना माहीत होतं. माझी थट्टा तिथे संपली आणि मी पदर डोळ्यांना लावला.

असे काही दिवस जाऊन-येऊन झाले. नाक लालभडक झालं, सोललं, मग हळूहळू भरून आलं. आता तिथे फक्त एक फिकट डाग आहे. दर तपासणीला डॉक्टरीणबाई ठीक म्हणतात.

ह्यांना मात्र नवाच नाद लागलाय. आमच्या चौलात कुणाच्याही तोंडावरचा तीळ दिसला की थांबवून विचारपूस. परवा दारात थळची कोळीण आली. हे चष्मा पुसून तिच्या गालाकडे बघत म्हणाले, "बाई, हे किती दिवसांपासून आहे? दाखवून घ्या."

तिने गालावरून बोट फिरवलं आणि बघून झटकलं. "मास्तर, खवल हाय ते. मासली घेताव का न्हाय?"